चर्च सोडलं, नरकावरचा विश्वास गेला, मग भीती का जात नाही?

अमेरिकेत कडक इव्हँजेलिकल घरात वाढलेल्या माणसांच्या आठवणी वाचल्या की एक प्रसंग सारखा भेटतो. मूल शाळेतून घरी येतं, दार उघडं, आईची पर्स टेबलावर, टीव्ही चालू, हाका मारल्या तरी कोणाची ओ नाही, आणि त्या सात-आठ वर्षांच्या पोराच्या मनात "आई शेजारी गेली असेल" असं येतच नाही, थेट येतं ते "येशू येऊन सगळ्यांना घेऊन गेला आणि मी मागे राहिलो". आई पाच मिनिटांत परत येते. पण ती छातीतली धडधड पुढे तिशी-चाळिशीत, चर्च सोडून कित्येक वर्षं झाल्यावरसुद्धा, घर अचानक शांत वाटलं की तशीच्या तशी उठते. आणि त्या माणसाला स्वतःचीच लाज वाटते, की अरे मी तर हे सगळं मानत पण नाही आता, मग हे काय चाललंय?

आधी इव्हँजेलिकल म्हणजे कोण ते थोडक्यात सांगतो, कारण यात गल्लत फार होते. हा एकच एक पंथ नाही, प्रोटेस्टंट ख्रिश्चनांमधला मोठा प्रवाह आहे, त्यात बॅप्टिस्ट येतात, पेंटेकोस्टल येतात, कुठल्याच मोठ्या संघटनेत नसलेली स्वतंत्र चर्चेस पण येतात. डेव्हिड बेबिंग्टन नावाच्या ब्रिटिश इतिहासकाराने १९८९ मध्ये याच्या चार खुणा सांगितल्या त्या लोक अजून वापरतात: प्रत्येकाने स्वतःहून 'नव्याने जन्म' घ्यायचा, म्हणजे येशूला मनापासून स्वीकारायचं, बायबलच्या पुढे कोणाचा शब्द नाही, येशूचं क्रुसावरचं मरण सगळ्याच्या मध्यभागी, आणि ही सुवार्ता दुसऱ्यांना सांगणं हे ज्याचं त्याचं कर्तव्य. प्यू रिसर्च या संशोधन संस्थेच्या २०२३-२४ च्या पाहणीत अमेरिकेतले साधारण २३ टक्के प्रौढ या गटात मोडतात. म्हणजे कोट्यवधी लोक, आणि त्यातले भरपूर जण प्रेमळ, मोकळ्या घरांत वाढलेत, त्यांना बरं होण्याची वगैरे काही गरज नाही. हा लेख त्यांच्याबद्दल नाहीये. जिथे देव म्हणजे चोवीस तास डोक्यावर बसलेला पहारेकरी होता त्या घरांबद्दल आहे.

आता ती मागे राहण्याची भीती. तिचं नाव रॅप्चर. कल्पना अशी की जगाच्या शेवटाआधी येशू खऱ्या विश्वासूंना एका क्षणात वर उचलून घेणार आणि बाकीचे खाली भयंकर संकटात अडकणार. लोकांना वाटतं हे दोन हजार वर्षं जुनं असणार, पण आज चर्चमध्ये ज्या रूपात हे सांगतात ते बरंच अलीकडचं आहे, १८३० च्या आसपास जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने ते मांडलं आणि १९०९ मध्ये छापलेल्या स्कोफिल्डच्या टीपा असलेल्या बायबलमुळे ते अमेरिकेत घरोघरी पोचलं. टीपा बायबलच्याच पानावर खाली छापलेल्या, त्यामुळे मूळ वचन कुठे संपलं आणि स्कोफिल्डसाहेबांचं मत कुठे सुरू झालं हे वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नसे. पुढे यावर सिनेमे निघाले, कादंबऱ्या निघाल्या, आणि ते चर्चच्या तळघरात शाळकरी पोरांना दाखवायचे. २०११ मध्ये हॅरॉल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकाने २१ मे ही पक्की तारीखच जाहीर केली होती, हमरस्त्यांवर मोठमोठे फलक लावले होते. २२ मे नेहमीसारखी उजाडली. मोठ्यांनी ते हसण्यावारी नेलं, पण ज्या घरांत ते खरं मानलं होतं तिथल्या मुलांनी ते आठवडे कसे काढले असतील याचा विचार करून बघा.

मला स्वतःला या इतिहासाचा उपयोग फार मोठा वाटतो. एखादी गोष्ट देवाने सांगितली असं वाटत असतं तोपर्यंत तिच्याशी भांडता येत नाही, पण तीच गोष्ट अमुक माणसाने अमुक साली मांडली हे कळलं की तिच्याकडे जरा लांबून बघता येतं. बरं होणाऱ्या पुष्कळ लोकांची सुरुवात इथूनच होते, रात्र रात्र जागून चर्चचा इतिहास वाचतात.

पण वाचून डोकं सुटतं, बाकीचं शरीर सुटत नाही. लहानपणी शिकलेली भीती ही सायकल चालवण्यासारखी असते, ठरवून विसरता येत नाही. म्हणून रात्री दोन वाजता नरकाच्या विचाराने घाम फुटला तर त्या वेळी बायबलमधले विरोधाभास आठवत बसण्याचा काही फायदा नसतो. त्या वेळी दिवा लावणं, पाय जमिनीवर टेकवणं, श्वास सावकाश सोडणं, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घेणं, असल्या साध्या गोष्टी जास्त कामाला येतात. वाद दिवसा घालावा.

यातच आणखी एक प्रकार आहे ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. मूल पाच-सहा वर्षांचं असताना त्याला सांगतात की तू पापी आहेस, प्रार्थना करून येशूला हृदयात बोलाव म्हणजे तुझं तारण होईल. मूल प्रार्थना करतं. पण मनापासून केली का? शब्द बरोबर होते का? मध्येच लक्ष दुसरीकडे गेलं होतं, मग ती मोजली जाईल का? म्हणून दुसऱ्या रात्री परत. तिसऱ्या रात्री परत. काही मुलं वर्षानुवर्षं रोज रात्री हीच प्रार्थना गुपचूप करत झोपलेली आहेत. मार्कच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात पवित्र आत्म्याची निंदा हे क्षमा न होणारं पाप म्हटलंय, ते वाचून तर काही मुलांच्या डोक्यात नको तेच शब्द आपोआप यायला लागतात आणि मग संपलंच, आता आपल्याला माफी नाही. मानसोपचारात याला स्क्रुप्युलॉसिटी म्हणतात, हा ओसीडीचाच, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येणाऱ्या आजाराचाच, धार्मिक अवतार आहे, आणि सगळ्याच मुलांना होतो असं नाही, ज्यांचा पिंड मुळात चिंतेचा त्यांना हे वातावरण जास्त लागतं. यावर चांगला उपचार आहे. ईआरपी नावाची थेरपी असते, त्यात थेरपिस्टच्या मदतीने त्या शंकेसमोर मुद्दाम उभं राहायचं आणि नेहमीचा उतारा, म्हणजे परत प्रार्थना करणं, कोणाला तरी विचारून खात्री करून घेणं, हा करायचा नाही. घरचे मायेपोटी "नाही गं, तू नाही जाणार नरकात" असं सारखं सांगत राहतात तेव्हा नकळत आगीत तेलच पडतं, कारण खात्रीची भूक प्रत्येक खात्रीने वाढते.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं तिथे येतो. लोक समजतात की अशा बालपणाची मुख्य जखम म्हणजे नरकाची भीती. माझं मत वेगळं आहे. मुख्य जखम म्हणजे स्वतःच्या मनावरचा भरवसा जाणं. बायबलमधल्या यिर्मयाच्या सतराव्या अध्यायात एक वचन आहे की माणसाचं हृदय सगळ्यात कपटी असतं, आणि नीतिसूत्रांत तिसऱ्या अध्यायात आहे की स्वतःच्या बुद्धीवर अवलंबून राहू नकोस. मोठ्या माणसाने, आयुष्य बघून झाल्यावर, ही वचनं वाचली तर त्यात नम्रपणा दिसू शकतो. पण आठ वर्षांच्या मुलाला तीच पाठ करायला लावली की त्याला कळतं ते एवढंच: तुला आतून जे वाटतं ते खोटं आहे. राग आला, तर ते बंड. शंका आली, तर तो सैतान. काका जवळ घेतात ते आवडत नाही, तर तुझ्या मनात आदर नाही.

त्यात शिस्तीची भर. जेम्स डॉबसन या बालमानसशास्त्रज्ञाने १९७० पासून इव्हँजेलिकल पालकांना मुलाची हट्टी इच्छा वळवावी पण मन मोडू नये असं शिकवलं, त्यात चापट मारणं बसत होतं, आणि १९७७ मध्ये त्याने काढलेली फोकस ऑन द फॅमिली ही संस्था रेडिओवरून लाखो घरांत पोचली. त्याच्याहून कितीतरी कडक शिकवणारेही नंतर आले. अनेक घरांत नियम असा की आज्ञा लगेच पाळायची, पूर्ण पाळायची आणि हसतमुखाने पाळायची. या तिसऱ्यावर थांबा जरा. मार खाल्ल्यावर मुलाने रडून तोंड पाडायचं नाही, मारणाऱ्याला मिठी मारायची. म्हणजे नुसतं वागणं नाही, चेहरासुद्धा आपला राहिला नाही.

अशी माणसं मोठी होतात तेव्हा बाहेरून अगदी गुणी दिसतात. वेळेवर येतात, नाही म्हणत नाहीत, सगळ्यांचं करतात. आणि आतून त्यांना कळत नसतं की आपल्याला भूक लागलीये की झोप आलीये की राग आलाय. हॉटेलात काय खाणार विचारलं तर घाम फुटतो. नोकरी बदलायची तर देवाची 'खूण' शोधत बसतात. म्हणून बरं होण्याचं काम फार वेळा हास्यास्पद वाटेल इतक्या बारीक गोष्टीतून सुरू होतं: आज मला कुठला रंग आवडतोय, हा माणूस मला नकोसा वाटतोय का, हे पुस्तक मला कंटाळवाणं वाटतंय तर मी ते अर्धवट सोडणार. कोणाला समजावून न सांगता सोडणार. एखाद्याला हे पोरकट वाटेल, पण ज्याला पस्तीस वर्षं मत असण्याची परवानगीच नव्हती त्याच्यासाठी हा व्यायाम आहे आणि तो रोजच करावा लागतो.

शरीराच्या बाबतीत हाच अविश्वास सगळ्यात खोल जातो. १९९३ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या इव्हँजेलिकल संघटनेच्या लोकांनी ट्रू लव्ह वेट्स ही मोहीम सुरू केली, लग्नाआधी संबंध ठेवणार नाही अशी शपथ मुलामुलींनी कार्डावर सही करून घ्यायची, आणि १९९४ च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनमधल्या नॅशनल मॉल या मोठ्या मैदानावर अशी दोन लाखांहून जास्त कार्डं हिरवळीवर रोवून ठेवली होती. त्या शपथेची खूण म्हणून बोटात प्युरिटी रिंग आली. मुलींना चघळलेलं च्युइंगम दाखवून विचारायचे, हे आता कोणाला हवंय? मुलांच्या मनात आलेल्या वाईट विचाराची जबाबदारीसुद्धा मुलीच्या कपड्यांवर. आणि मग लग्नाच्या रात्री एकदम सगळं पवित्र, सगळं छान. असं बटण कोणाच्याही शरीरात नसतं. सगळे नियम पाळून लग्न केलेल्या कित्येक बायका सांगतात की लग्नानंतरही वर्षानुवर्षं वेदना, आखडलेपण, अपराधीपणा, आणि पुरुषांनाही आपली साधी इच्छा म्हणजे आजार वाटत राहते. या बाबतीत सेक्स थेरपिस्ट आणि पेल्विक फ्लोअरचा, म्हणजे ओटीपोटाखालच्या स्नायूंचा, फिजिओथेरपिस्ट यांची मदत घेणं हे अगदी रीतसर वैद्यकीय काम आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. समलिंगी मुलामुलींचं तर विचारूच नका. त्यांना 'बदलण्याचा' दावा करणारी एक्सोडस इंटरनॅशनल ही संस्था १९७६ पासून चालू होती, २०१३ मध्ये तिच्याच अध्यक्षाने माफी मागितली आणि संस्था बंद झाली. डेटिंग न करण्याचा सल्ला देणारं १९९७ मधलं जोशुआ हॅरिसचं पुस्तक दहा लाखांच्या वर खपलं होतं, लिहिताना तो जेमतेम विशीत होता. २०१८ मध्ये त्यानेच ते छापणं थांबवायला लावलं, आणि पुढच्या वर्षी आपण आता ख्रिश्चन राहिलो नाही असं जाहीर केलं. त्याच्या वाचकांपैकी काहींना यातून दिलासा मिळाला, आणि काहींना प्रचंड संताप आला, की आमची वीस वर्षं गेली त्याचं काय. दोन्ही बरोबरच आहे.

याला आजार म्हणायचं का? मार्लीन विनेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०११ मध्ये रिलिजस ट्रॉमा सिंड्रोम असं नाव दिलं आणि पुष्कळ लोकांना पहिल्यांदा वाटलं की हे माझ्या एकट्याचं वेड नाही. पण अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत, डीएसएममध्ये, असा आजार नाही. तिथे १९९४ पासून 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' अशी एक नोंद आहे, ती आजार म्हणून नाही, लक्ष देण्याजोगी अडचण म्हणून. म्हणून प्रत्यक्षात डॉक्टर चिंता, नैराश्य, पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर राहणारा त्रास), ओसीडी असं जे बसेल ते निदान करतात. आणि हो, नुसतं कडक असणं वेगळं आणि अत्याचार वेगळा. सदर्न बॅप्टिस्ट संघटनेबद्दल २०२२ मध्ये आलेल्या स्वतंत्र चौकशी अहवालात निघालं की वरच्या लोकांनी लैंगिक अत्याचाराच्या आरोपींची, सातशेहून जास्त नावांची, यादी गुपचूप ठेवली होती आणि तक्रार करणाऱ्यांना वर्षानुवर्षं उडवून लावलं होतं. तिथे मनाच्या शांतीच्या गप्पा नंतर, आधी पोलीस आणि वकील.

मदत शोधताना एक सापळा आहे तो नीट सांगतो. अमेरिकेत 'बिब्लिकल काउन्सेलर' आणि लायसन्स असलेला थेरपिस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला प्रकार जे अ‍ॅडम्स या पाळकाने १९७० च्या सुमारास रुजवला, मनाच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ पाप आहे आणि इलाज शास्त्रवचनात आहे असा त्याचा साधारण सूर. जी माणसं आधीच स्वतःला पापी समजून थकलीत त्यांना तिथे पाठवणं म्हणजे जिथून सुटले तिथेच परत. तेव्हा पहिला प्रश्न: राज्याचं लायसन्स आहे का. दुसरा प्रश्न: धार्मिक वातावरणातून बाहेर पडलेल्या लोकांबरोबर काम केलंय का. थेरपिस्ट स्वतः श्रद्धाळू असला तरी हरकत नाही, तुम्हाला कुठल्या बाजूला ढकलत नसला म्हणजे झालं. धर्म मध्ये न आणणारे थेरपिस्ट हवे असतील तर २०१२ पासून सेक्युलर थेरपी प्रोजेक्ट आहे, आणि नुसतं बोलायला कोणी हवं असेल तर २००९ मध्ये सुरू झालेली रिकव्हरिंग फ्रॉम रिलिजन ही संस्था.

जे अजून आईवडिलांच्या पैशावर आहेत, किंवा घरीच शिकलेत आणि ज्यांची कागदपत्रं पालकांच्या कपाटात आहेत, त्यांनी सगळं खरं बोलून टाकायची घाई करू नये असं मला अगदी ठामपणे वाटतं. खोटं बोलणं पाप हे डोक्यात इतकं बसलेलं असतं की एकोणीस वर्षांची पोरं जेवणाच्या टेबलावर "मी देव मानत नाही" सांगून मोकळी होतात आणि आठवड्यात कॉलेजची फी, फोन, राहायची जागा सगळं जातं. आधी जन्माचा दाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, स्वतःच्या नावाचं खातं, एखाद्या मित्राचा सोफा. प्रामाणिकपणा त्यानंतर.

मग दुःख येतं, आणि त्याची कोणी कल्पना दिलेली नसते. राग येणार हे माहीत असतं, पण चर्चची आठवण येईल असं कोणी सांगत नाही. आजारी पडलं की आठ घरांतून डबे यायचे. रविवारी शंभर माणसं एका सुरात गायची. लहानपणीचे सगळे मित्र तिथलेच, आणि आता ते रस्त्यात भेटले तर "तुझ्यासाठी प्रार्थना करतोय" म्हणून घाईने जातात. काहीतरी सुंदर बघितल्यावर आभार मानायला कोणी उरत नाही, हेही बरेच जण सांगतात. याचा अर्थ परत जायला हवं असा नाही, आणि जे गेलं ते वाईटच होतं असं स्वतःला पटवण्याचीही गरज नाही. गायनाचा ग्रुप लावता येतो. माणसं मात्र सावकाश जमतात, चर्चमध्ये जशी आल्या आल्या मिळायची तशी नाही, आणि त्या मधल्या एकटेपणात एक धोका असतो: दुसरी अशीच जागा पटकन सापडते. काळं-पांढरं बघायची सवय देव गेल्याने जात नाही. तोच कडकपणा मग राजकारणात येतो, डाएटमध्ये येतो, इंटरनेटवरच्या नास्तिक गटात येतो, तिथेही शुद्ध कोण आणि भ्रष्ट कोण याची तपासणी चालूच. ज्या गटात "मला माहीत नाही" म्हणता येत नाही तिथून जरा लांबच राहिलेलं बरं.

सगळेच नास्तिक होतात असंही नाही. बरेच जण एपिस्कोपल किंवा क्वेकर अशा मोकळ्या ख्रिश्चन पंथांत जातात, काही जण येशूला ठेवतात आणि चर्च सोडतात, काहींना हा विषयच नको होतो. तीन वर्षांनी मत परत बदललं तरी कोणाला हिशोब द्यायचा नसतो.

आईवडिलांचा गुंता मात्र सहसा पूर्ण सुटत नाही. त्यांना खरोखर वाटत असतं की माझं मूल कायमचं जळणार आहे. ते फोनवर रडतात ते नाटक नसतं, त्यांच्या लेखी ते बुडत्याला ओढतायत. हे समजून घेता येतं आणि तरी फोन ठेवता येतो. "आई, धर्म सोडून कशावरही बोलू, हा विषय काढलास तर मी आजच्यापुरता फोन ठेवीन" आणि काढला की खरंच ठेवायचा, न ओरडता. पहिले काही महिने ती काढतेच. नातवंडं झाली की परत एकदा सगळं उकरून निघतं, कारण आजी नातवाला झोपवताना नरकाची गोष्ट सांगू शकते, तेव्हा नातवाला तिच्याजवळ एकटं ठेवायचं की नाही हा निर्णय नवराबायकोने आधीच मिळून घेतलेला बरा.

आणि तुमच्या ओळखीत, घरात असं कोणी असेल तर त्यांच्याशी धर्मावर वाद घालून त्यांना मोकळं करायला जाऊ नका, त्यांना वचनं तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतात. "सोड ना आता, किती वर्षं झाली" हे तर बोलूच नका. त्यापेक्षा कुठे जेवायचं हे त्यांना ठरवू द्या, आणि त्यांनी वीस मिनिटं लावली तरी मध्ये बोलू नका.